डिझेल हीटर (कॅम्पर व्हॅन)

डिझेल हीटर हे वाहनाच्या आतील हवा गरम करणारे, डिझेलवर चालणारे लहान ज्वलन-उपकरण आहे. वाहनाचे इंजिन बंद असतानाही ते चालू शकते. त्यामुळे कॅम्पर व्हॅन (राहण्याची व झोपण्याची सोय केलेली व्हॅन), लांब पल्ल्याचे ट्रक, रुग्णवाहिका आणि होड्या यांत त्याचा वापर होतो. थंड हवामानाच्या देशांत त्याला ‘पार्किंग हीटर’ असेही म्हणतात. याचे दोन मुख्य प्रकार आहेत: थेट हवा तापवणारे आणि इंजिनातील शीतक द्रव तापवणारे. कॅम्पर व्हॅनमध्ये बहुधा पहिला प्रकार बसवला जातो. हा लेख त्या प्रकाराविषयी, विशेषतः तो वाहनाच्या इंधनटाकीला जोडण्याच्या पद्धतींविषयी आहे.

## पार्श्वभूमी

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तापलेल्या पाण्याची उष्णता प्रवाशांच्या कक्षाकडे वळवता येते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत ही सोय नसते. १९५० मध्ये उत्पादन सुरू झालेल्या फोक्सवॅगन टाइप २ या व्हॅनचे इंजिन हवेने थंड होणारे होते. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून या व्हॅनसाठी मुक्कामाचे साहित्य पुरवण्यास सुरुवात केली आणि पुढे ही व्हॅन कॅम्पर व्हॅनचे प्रतीक बनली. इंजिनाच्या उष्णतेवर अवलंबून नसलेला, एबरश्पेखर कंपनीचा पेट्रोलवर चालणारा हीटर या व्हॅनमध्ये जादा सोय म्हणून मिळत असे.

या क्षेत्रातील दोन जुन्या कंपन्या, एबरश्पेखर (स्थापना १८६५) आणि वेबास्टो (स्थापना १९०१), दोन्ही जर्मनीतील एस्लिंगेन या गावी सुरू झाल्या. वेबास्टो हे नाव संस्थापक विल्हेल्म बायर आणि कंपनीचे नंतरचे ठिकाण श्टॉकडॉर्फ यांच्या आद्याक्षरांपासून बनले आहे. अलीकडे चीनमध्ये तयार होणारे स्वस्त हीटर जगभर मिळू लागल्याने, व्हॅनमालकांनी स्वतःच हीटर बसवण्याचे प्रमाण वाढले आहे. त्यामुळे इंधनजोडणी हा पूर्वी कारागिरापुरता मर्यादित असलेला विषय सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला आहे.

## रचना आणि कार्य

हीटरमध्ये हवेचे दोन पूर्णपणे वेगळे मार्ग असतात.

* ज्वलनाचा मार्ग: गाडीच्या खालून बाहेरची हवा आत येते, ज्वलनकक्षात डिझेलबरोबर जळते आणि धूर धूरनळीतून पुन्हा गाडीबाहेर जातो.
* तापवण्याचा मार्ग: राहण्याच्या कक्षातील किंवा बाहेरची स्वच्छ हवा पंख्याने ओढली जाते, अॅल्युमिनियमच्या उष्णता विनिमयकाच्या पात्यांवरून जाताना तापते आणि कक्षात सोडली जाते.

उष्णता विनिमयकाची भिंत या दोन मार्गांना वेगळे ठेवते. ही भिंत आणि तिच्याभोवतीचे जोड शाबूत असेपर्यंत धूर आणि श्वासाची हवा एकत्र येत नाहीत. ज्वलनात एक लिटर डिझेलमागे सुमारे एक किलो पाण्याची वाफ तयार होते. ती धुराबरोबर बाहेर जात असल्याने व्हॅनच्या आत दमटपणा वाढत नाही. उघड्या ज्योतीच्या शेगडीपेक्षा हा मोठा फरक आहे.

हीटर सुरू करताना ग्लो प्लग तापतो. मापक पंप डिझेलचे थेंब ज्वलनकक्षातील धातूच्या जाळीवर सोडतो, तेथे डिझेलची वाफ होते आणि ती पेटते. ज्योत स्थिर झाल्यावर ग्लो प्लग बंद होतो. ज्योत पेटली की नाही आणि हीटर प्रमाणाबाहेर तापला की काय, हे संवेदक नियंत्रकाला कळवतात. हीटर बंद केल्यावर प्रथम इंधन थांबते. नंतर काही मिनिटे पंखा चालू राहून उरलेले इंधन जळून जाते आणि उपकरण थंड होते. या अवस्थेत वीजपुरवठा तोडल्यास आत साठलेल्या उष्णतेमुळे नियंत्रक व इतर भाग खराब होऊ शकतात. त्यामुळे मुख्य बटणाने बॅटरी तोडून हीटर बंद करणे अयोग्य मानले जाते.

पंखा किती वेगाने फिरत आहे यावरून ज्वलनासाठी किती हवा मिळते हे ठरते. इंधनाचे मात्र प्रत्यक्ष मोजमाप होत नाही. नियंत्रक पंपाला ठरावीक गतीने विजेचे ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला ठरावीक मापाचे इंधन पुढे गेले असे गृहीत धरतो. हे गृहीतक खरे ठरण्यासाठी नळीत टाकीपासून ज्वलनकक्षापर्यंत सलग डिझेल असावे लागते. त्यात हवा शिरली की पंपाच्या त्या ठोक्याला इंधनाऐवजी हवा पुढे जाते आणि ज्योत दुबळी होते किंवा विझते. इंधनजोडणीतील बहुतेक नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

## इंधन आणि विजेचा वापर

कॅम्पर व्हॅनसाठी साधारणतः २ किलोवॅट क्षमतेचा हीटर वापरतात. असा हीटर मंद चालीवर ताशी सुमारे ०.१२ लिटर आणि पूर्ण क्षमतेवर सुमारे ०.२४ लिटर डिझेल वापरतो. आठ तासांच्या रात्रीसाठी त्यामुळे एक ते दोन लिटर डिझेल पुरते. डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातील बहुतांश भाग कक्षाला मिळतो आणि उरलेला धुराबरोबर जातो.

वीज प्रामुख्याने सुरुवातीला लागते. १२ व्होल्टच्या हीटरचा ग्लो प्लग पेटवणीच्या काळात ८ ते १० अँपिअर प्रवाह घेतो. ज्योत पेटल्यानंतर पंखा आणि पंपासाठी काही वॅट ते काही दशक वॅट एवढीच वीज लागते. बारीक तारा किंवा अशक्त बॅटरीमुळे सुरुवातीच्या काळात व्होल्टेज घसरले, तर इंधन व्यवस्थित असूनही हीटर पेटत नाही.

## इंधनटाकीशी जोडणी

डिझेलवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये हीटरला वाहनाच्याच टाकीतून इंधन देता येते. त्यासाठी प्रामुख्याने पुढील चार मार्ग वापरले जातात.

### टाकीवरील तयार तोंड

अनेक व्यावसायिक व्हॅनच्या टाकीवर कारखान्यातूनच हीटरसाठी एक जादा तोंड दिलेले असते. मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर आणि फोर्ड ट्रान्झिट यांच्या अनेक आवृत्त्यांत ही सोय आढळते. हे तोंड टाकीतील पंपसंचाच्या झाकणावर असते आणि त्याला आतून एक छोटी नळी जोडलेली असते. काही गाड्यांत त्याचे टोक बंद केलेले असते व ते उघडावे लागते. टाकीला नवे छिद्र पाडावे लागत नसल्यामुळे आणि इंजिनाच्या इंधनमार्गाला हात लावावा लागत नसल्यामुळे हा मार्ग सर्वांत सुरक्षित समजला जातो. तोंडापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र बऱ्याचदा टाकी थोडी खाली उतरवावी लागते.

### स्वतंत्र शोषनळी

तयार तोंड नसल्यास टाकीच्या वरच्या बाजूला किंवा पंपसंचाच्या झाकणाला छिद्र पाडून धातूची शोषनळी आत सोडतात आणि रबरी चकती व नटाने ती घट्ट बसवतात. नळीचे खालचे टोक तिरके कापतात, म्हणजे ते तळाला टेकले तरी बंद होत नाही. हे टोक टाकीच्या तळापासून थोडे वर ठेवण्यामागे दोन कारणे असतात. तळाशी पाणी आणि गाळ साचतो. तो हीटरच्या पंपात जाऊ नये हे पहिले कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. इंधन ठरावीक पातळीखाली गेले की शोषनळी कोरडी पडते आणि हीटर आपोआप बंद होतो. इंजिनासाठी मात्र डिझेल शिल्लक राहते. रात्रभर हीटर चालवून सकाळी गाडी सुरूच झाली नाही, ही वेळ यामुळे टळते. दुर्गम ठिकाणी मुक्काम करणाऱ्यांसाठी ही तरतूद केवळ सोयीची नसून गरजेची ठरते.

छिद्र पाडताना पडणारा कीस टाकीत गेल्यास तो पुढे इंजिनाच्या इंधनव्यवस्थेत पोहोचू शकतो. त्यामुळे टाकी उतरवून, कीस बाहेरच राहील अशा रीतीने हे काम करतात. युरोपीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक ५५ अंश सेल्सिअसहून अधिक असतो, म्हणून नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ सहज पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ मात्र शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. पेट्रोलच्या किंवा पूर्वी पेट्रोल भरलेल्या टाकीला छिद्र पाडणे यामुळे स्फोटाला निमंत्रण ठरते.

### इंजिनाच्या नळीला टी-जोड

इंजिनाकडे जाणारी किंवा इंजिनाकडून टाकीत परत येणारी इंधननळी कापून तिच्यात टी आकाराचा जोड बसवणे ही जुन्या गाड्यांतील रूढ पद्धत आहे. टाकी उतरवावी लागत नसल्याने ती सोपी वाटते, परंतु तिचे तोटे गंभीर आहेत.

* जोड पूर्ण हवाबंद नसल्यास इंजिनाच्या इंधनमार्गात हवा शिरते. गाडी उभी असताना नळीतील डिझेल टाकीत उतरते आणि इंजिन सुरू होण्यास त्रास होतो.
* आधुनिक कॉमन-रेल इंजिनांच्या अनेक गाड्यांत टाकीतील पंप इंधन दाबाने पुढे पाठवतो. मापक पंप दाबाखालील इंधन रोखण्यासाठी बनवलेला नसतो. असे इंधन त्यातून पुढे ढकलले गेल्यास ज्वलनकक्षात प्रमाणाबाहेर डिझेल साचते.
* परतीची नळी टाकीत इंधनाच्या पातळीच्या वर संपत असेल, तर इंजिन बंद असताना तिच्यातून डिझेल ओढताच येत नाही.
* टी-जोडाला खालच्या पातळीची मर्यादा नसते. हीटर इंजिनाच्या वाट्याचे डिझेलही संपवू शकतो.

इंजेक्टरकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळ्यांशी या कामाचा कोणताही संबंध येऊ देत नाहीत. कॉमन-रेल इंजिनांत त्या नळ्यांतील दाब हजार बारहून अधिक असतो आणि त्यातून निसटलेला बारीक झोत त्वचेत घुसून गंभीर इजा करू शकतो.

### वेगळी टाकी

पेट्रोलवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये, किंवा मूळ टाकीला हात लावायचा नसल्यास, हीटरसाठी छोटी स्वतंत्र टाकी बसवतात. अनेक संचांबरोबर सुमारे १० लिटरची प्लॅस्टिकची टाकी मिळते. मंद चालीवर अशी टाकी ८० तासांच्या आसपास पुरते. इंजिनाच्या इंधनाला धक्का लागत नाही, हा या पद्धतीचा फायदा. मात्र ही टाकी राहण्याच्या कक्षात ठेवल्यास डिझेल सांडणे, वास येणे आणि अपघातात टाकी फुटणे हे धोके आत येतात. त्यामुळे टाकी आणि ती भरण्याचे तोंड दोन्ही कक्षाबाहेर असावे लागते. टाकीला हवा येण्यासाठी बारीक छिद्र किंवा नळी आवश्यक असते. ती नसल्यास इंधन कमी होत जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा अडतो.

## इंधननळी

हवा तापवणाऱ्या हीटरसाठी आतील व्यास सुमारे २ मिलिमीटर असलेली, कडक नायलॉनची नळी वापरतात. इतकी अरुंद नळी पाहून ती अपुरी वाटते, परंतु तिचा व्यास हेतुपूर्वक लहान ठेवलेला असतो. पूर्ण क्षमतेवर हीटरला मिनिटाला केवळ ४ मिलिलिटर डिझेल लागते. २ मिलिमीटर व्यासाच्या नळीत एवढे डिझेल मिनिटाला सुमारे सव्वा मीटर पुढे सरकते आणि वाटेतील बुडबुड्यांना आपल्याबरोबर घेऊन जाते. ५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तेच डिझेल मिनिटाला जेमतेम २० सेंटीमीटर सरकते. बुडबुडे नळीच्या उंच भागात अडकून राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि एकदम हीटरकडे जाऊन ज्योत विझवतात. मऊ व रुंद नळी पंपाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते, त्यामुळेही इंधनाचे माप चुकते.

नळीचे दोन तुकडे जोडताना त्यांची टोके धारदार पात्याने काटकोनात कापतात आणि रबरी जोडनळीच्या आत ती एकमेकांना टेकतील अशी बसवतात. दोन टोकांमध्ये फट राहिली तर तेथे हवेचा खिसा तयार होतो. जोडावर दोन्ही बाजूंना योग्य मापाच्या क्लिप लावतात. नळी गाडीच्या खालून, धूरनळीपासून आणि फिरत्या भागांपासून दूर नेतात, ठिकठिकाणी आधार देतात आणि पत्र्याच्या छिद्रातून जाते तेथे रबरी कडे बसवतात. राहण्याच्या कक्षात इंधननळीचे जोड ठेवत नाहीत.

पंपाच्या आधीची आणि नंतरची गळती वेगवेगळ्या रीतीने ओळखावी लागते. पंपाच्या पुढील भागात नळीत दाब असतो, म्हणून तेथील गळतीतून डिझेल बाहेर ठिबकते. पंपाच्या मागील भागात ओढ असते. तेथील सैल जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. असा दोष जमिनीवर डाग पाडत नाही आणि केवळ हीटर वारंवार बंद पडण्यातून लक्षात येतो.

## मापक पंप

मापक पंपात विद्युत्चुंबकाने मागेपुढे होणारा छोटा दट्ट्या असतो. त्याचा ‘टक् टक्’ असा आवाज रात्री स्पष्ट ऐकू येतो, म्हणून पंप रबरी आधारावर बसवतात. हा पंप इंधन ढकलण्यात सक्षम, पण ओढण्यात दुबळा असतो. लांबून किंवा खोलवरून ओढताना नळीतील दाब घटतो आणि डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. यामुळे पंप हीटरजवळ न बसवता टाकीजवळ बसवतात. त्याचे बाहेर जाणारे तोंड वरच्या दिशेने कललेले ठेवतात, म्हणजे आत आलेली हवा पुढे निघून जाते. पंपाआधी बारीक फिल्टर असतो. कोनाच्या आणि नळीच्या लांबीच्या मर्यादा प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात.

नव्या जोडणीत नळी रिकामी असते. पाच मीटर लांबीच्या २ मिलिमीटर नळीत सुमारे १६ मिलिलिटर डिझेल मावते. ते भरेपर्यंत हीटर एकदोनदा पेटण्यात अपयशी ठरणे स्वाभाविक आहे. अनेक नियंत्रकांत केवळ नळी भरण्याची सोय असते. ती जास्त वेळ चालू ठेवल्यास ज्वलनकक्षात डिझेल साचते आणि पेटताना दाट पांढरा धूर येतो.

## सुरक्षितता

डिझेल हीटरचा सर्वांत मोठा धोका आगीइतकाच कार्बन मोनॉक्साईडचा आहे. या वायूला रंग किंवा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ ही त्याच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे आहेत, परंतु झोपलेल्या व्यक्तीला ती जाणवतीलच असे नाही. हीटर प्रामुख्याने झोपेच्या वेळीच चालत असल्याने हा धोका विशेष गंभीर ठरतो.

* धूरनळी गाडीच्या बाहेर, खिडक्या, दारे आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यांपासून दूर संपवतात. ती गाडीच्या तळाखालीच सोडल्यास धूर तेथे साचून फटींतून आत येऊ शकतो.
* ज्वलनाची हवाही बाहेरूनच घेतात आणि तिचे तोंड धुराच्या तोंडापासून दूर ठेवतात.
* हीटरखालील रबरी गादी गाडीच्या पत्र्यावर सपाट बसली पाहिजे. तेथील फट हा धूर आत येण्याचा मार्ग ठरतो.
* धूरनळी अतिशय तापते. तिच्याजवळ इंधननळी, विजेच्या तारा किंवा प्लॅस्टिक ठेवत नाहीत.
* बर्फात किंवा चिखलात गाडी उभी असताना धूरनळीचे तोंड बुजलेले नाही, हे पाहावे लागते.
* झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारा गजर बसवतात. वाहने व होड्यांसाठीच्या अशा गजरांना ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लागू आहे.

## नियम

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा विनियम क्रमांक १२२ वाहनांतील ताप-व्यवस्थांविषयी आहे. त्यानुसार हीटरच्या इंधनाचे भरण-तोंड प्रवाशांच्या कक्षात नसावे आणि त्याला इंधन सांडू न देणारे झाकण असावे. हीटरसाठी वेगळा इंधनपुरवठा असल्यास इंधनाचा प्रकार व भरण्याची जागा स्पष्ट लिहिलेली असावी. इंधन भरण्यापूर्वी हीटर बंद करण्याची सूचनाही भरण-तोंडापाशी लावावी लागते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध आहेत.

## थंडी आणि उंची

अतिथंडीत डिझेलमधील मेण गोठू लागते आणि फिल्टर व अरुंद नळी तुंबते. हीटरची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ही अडचण येते. थंड देशांत त्यासाठी हिवाळ्यात वेगळ्या प्रतीचे डिझेल विकले जाते. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये उपलब्ध करून दिले.

उंचीवर हवा विरळ होते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. पंप मात्र तेवढेच इंधन पाठवत राहतो. त्यामुळे ज्वलन अपुरे होते, काजळी साचते आणि कार्बन मोनॉक्साईडचे प्रमाण वाढते. अनेक हीटर सुमारे १,५०० मीटरपर्यंत विनाबदल चालवण्यासाठी बनवलेले असतात. त्याहून उंच ठिकाणी दीर्घ मुक्काम करायचा असल्यास इंधनाचे प्रमाण आपोआप घटवणारी सोय असलेला हीटर लागतो.

## बिघाड आणि देखभाल

हीटर गरजेपेक्षा मोठा असल्यास तो सतत मंद चालीवर राहतो, ज्वलनकक्ष पुरेसा तापत नाही आणि काजळी धरते. यावर उपाय म्हणून हीटर अधूनमधून काही वेळ पूर्ण क्षमतेवर चालवतात. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा तो सुरू केल्यास पंप अडकत नाही आणि नळीतील इंधन जुने होत नाही.

हीटर पेटत नसल्यास आधी बॅटरीचे व्होल्टेज आणि टाकीतील पातळी पाहतात, मग पंपाचा आवाज येतो का ते ऐकतात. पंप वाजतो पण ज्योत पेटत नाही, अशा वेळी दोष बहुधा नळीतील हवेत किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये असतो. पंप ठरावीक ठोक्यांत किती डिझेल देतो हे मापात मोजून पुस्तिकेतील आकड्याशी ताडले, की इंधनाचा दोष आणि ज्वलनकक्षाचा दोष वेगळा करता येतो.

## हेही पहा

* कॅम्पर व्हॅन
* डिझेल
* ग्लो प्लग
* कार्बन मोनॉक्साईड विषबाधा